चुन्याखालचा सूर्य

पृथ्वी गोल आहे, हे तुम्ही स्वतः कधी तपासून पाहिलं आहे का? की शाळेत गुरुजींनी सांगितलं म्हणून तुम्ही मान डोलावली, आणि उद्या त्यांच्याहून मोठ्या आवाजाचा कुणी 'ती चपटी आहे' म्हणाला तर तेव्हाही डोलावणार आहात?

हा प्रश्न मी रागाने विचारतो आहे, कारण तो मला माझ्या मावसबहिणीसाठी विचारावा लागला. मनीषाताई लग्न होऊन बीड जिल्ह्यात गेली. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या पुढच्या एका गावात ती शाळेत शिकवते. शिकवायची. गावाचं नाव लिहीत नाही. तिला अजून तिथेच राहायचं आहे.

जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला. "अव्या, संस्थेचे आबासाहेब म्हणतात, सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर म्हणा, पृथ्वीबद्दल दोन मतं आहेत, माझं बोलण्यात चुकलं. नाही म्हटलं तर शाळेत येऊ नका."

मी छापखान्यात वाढलो. वडील चळवळीची पत्रकं छापायचे आणि मी त्यांच्या गठ्ठ्यांवर झोपायचो. अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो, विचार करा' या ओळीवर. त्यामुळे फोन ठेवल्या ठेवल्या मी पिशवी भरायला घेतली. दुर्बीण, हातात मावणारा आरसा, काळा कागद, कात्री, लाल रंगवलेला तेलाचा रिकामा डबा. निघताना मावशीने, म्हणजे ताईच्या आईने, शेंगाचटणीची पुडी पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "तिला सांग, मिटवून घे. एका वाक्याने काय होतं?"

सोलापूरहून बीडची एसटी तुळजापूर, धाराशिव, चौसाळा करत जाते. चौसाळ्याला माझ्या शेजारी एक म्हातारबा बसले. बीडला उतरून नारायणगडाला दर्शनाला निघाले होते. पलीकडच्या सीटवर एक तरुण मोबाईलवर व्हिडिओ बघत होता, आवाज सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढा. भगवी शाल पांघरलेला एक माणूस हात उंचावून विचारत होता, "पाणी कधी वाकतं का? तलाव बघा, समुद्र बघा. पाणी सपाट, तर पृथ्वी गोल कशी?" ताईच्या शाळेत येऊन पृथ्वी चपटी असल्याचं सांगून गेलेले, ताईने फोनवर सांगितलेले महाराज ते हेच.

"पटतं का हे?" मी त्या तरुणाला विचारलं.

"पटायला काय झालं? तुमी गेलताव का वर बघायला?"

"नाही."

"मंग? मी बी न्हाई गेलतो. बरोबरी झाली."

म्हातारबा हसले. "आरं, पृथ्वी कशी का आसंना. गडाची पायरी माज्या पायाला लागती, तेवढं मला बास हाय."

त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. त्यांनी कुणाच्या पोटावर पाय दिला नव्हता.

मांजरसुंब्याचा घाट उतरला आणि पालीजवळ बिंदुसरा धरणाचं पाणी दिसलं. मी तिथेच उतरलो. पाणी वाकत नाही म्हणता ना? मग बघूच. लाल डबा एका काठावर, अगदी पाण्याला लावून ठेवला आणि बरंच चालून समोरच्या काठावर आलो. चिखलात पालथा पडलो, डोळा पाण्याच्या जवळ नेला, दुर्बीण लावली. पृथ्वीला बाक असेल तर डब्याचा खालचा भाग पाण्याआड जायला हवा.

डबा नाचत होता. तापलेल्या हवेने तो कधी लांबट दिसे, कधी त्याचे दोन होत, कधी तो पाण्यापासून सुटून वर तरंगे. मागे घुंगरं वाजली. मेंढ्या पाण्यावर आणलेले दोघे जण उभे होते.

"काय बघायलाव?" (काय बघताय?)

"डबा."

"डब्यात काय हाय?"

"काही नाही."

"मंग कावून बघायलाव?" (कावून म्हणजे का, कशासाठी.)

मी उत्तर जुळवत होतो तोवर पहिला दुसऱ्याला म्हणाला, "चल बे. सायबाला ऊन लागलंय."

त्यांचं चुकलं नव्हतं. पृथ्वी एवढी अवाढव्य आहे की एवढ्याशा तलावावर तिचा बाक काही बोटं भरेल, आणि तेवढा फरक तापलेली हवा सहज गिळून टाकते. चुकीच्या जागी खरा प्रयोग केला की खोटं बोलणाऱ्याचं फावतं. मी डबा तिथेच सोडला आणि चिखलाच्या कपड्यांनी बीडच्या गाडीत बसलो. आता उरला होता आरसा.

बीडहून गेवराई, गेवराईहून काळीपिवळी जीप. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून झालेल्या कपाशीच्या उभ्या पळाट्या, मध्येच कणसाला आलेली ज्वारी. ताईच्या घरी पोचलो तेव्हा तिची सासू मेंढ्यांच्या वाड्याला जाळी लावत होती. या जाळीला इकडे वाघूर म्हणतात. माझे कपडे बघून ती म्हणाली, "पाव्हणं, सोलापूरहून रांगत आलाव का काय?"

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमटीत पडलं की अख्ख्या घराला वास सुटतो. ताई भाकरी मोडत होती, खात नव्हती.

झालं होतं ते असं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आबासाहेबांनी या महाराजांना बोलावलं. महाराजांनी स्टेजवरून सांगितलं की पृथ्वी ताटासारखी आहे, सूर्य त्या ताटावरून गोल फिरतो, दूर गेला की मावळल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, मंग पुस्तक खोटं का?" ताई म्हणाली, "पुस्तक बरोबर आहे. महाराज चुकले." संध्याकाळपर्यंत ते वाक्य आबासाहेबांच्या ओट्यावर पोचलं होतं.

"तू काय ठरवलंयस?" मी विचारलं.

"मला चुकले म्हणायला काही वाटत नाही रे. चुकले असते तर." तिने ताट सरकवलं. "त्या पोरीने मला विचारलं होतं. सोमवारी ती समोर बसलेली असणार."

सासूबाई चुलीशी होत्या. "पोरी, पृथ्वी आपल्या बापाची हाय का? म्हण चपटी. सांजच्याला घरी येऊन म्हण गोल."

त्या वाईट नव्हत्या. तिची नोकरी टिकावी, एवढंच त्यांना हवं होतं. मात्र आपल्याकडे सगळी खोटी वाक्यं अशाच प्रेमळ माणसांच्या आग्रहाने बोलली जातात, हे मी त्या चुलीपुढे शिकलो.

शनिवारी दुपारी आम्ही आबासाहेबांकडे गेलो. मोठी जमीन, मोठं घर, अंगणात पांढरी गाडी. पंचायतीपासून संस्थेपर्यंत सगळं या एका ओट्यावरून चालतं. आबासाहेब माणूस मोठा गोड. चहा, फरसाण, पाठीवर हात.

"सोलापूरचे का? आमची लई ये-जा हाय तिकडं. मॅडम तर आमच्या लेकीसारख्या." मध्येच त्यांनी फोन उचलला, बघितला, परत ठेवला. "लेक अमेरिकेला हाय. आता तिकडं मध्यरात व्हायली. उठवायची नको तिला."

इथे ऊन डोक्यावर, तिथे मध्यरात्र. ताटासारख्या पृथ्वीवर वरून फिरणारा दिवा ताटावरच्या कुणालाही पूर्ण दिसेनासा होईलच कसा, हे सांगायला महाराजांचा एक अख्खा व्हिडिओ खर्ची पडला होता. आबासाहेबांना तो लागतच नव्हता; पृथ्वी गोल धरूनच ते लेकीची झोप सांभाळत होते.

"आबासाहेब," मी म्हणालो, "उद्या रविवारी शाळेत प्रयोग करू. महाराजांसमोर, गावासमोर."

"करा की! आमी कुठं न्हाई म्हणतो? दोनी बाजू झाल्या पायजेत."

महाराज आतल्या खोलीत मुक्कामाला होते. बाहेर आले. वयाने माझ्याएवढेच असतील. मी एकच विचारलं. "सूर्य संध्याकाळी दूर जातो म्हणून मावळतो, असं तुम्ही म्हणता. दूर गेलेली वस्तू लहान दिसते?"

"दिसणारच. दूर गेलेला दिवा लहानच दिसतो."

"म्हणजे दुपारपेक्षा मावळतीला सूर्य लहान असायला हवा. बराच लहान."

"असतोच," महाराज म्हणाले. "डोळे दिपतात म्हणून लोकांना कळत नाही."

ओट्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. मला तेवढंच हवं होतं. निकाल लागण्याआधी माणसाला त्याचं म्हणणं चारचौघांत मांडायला लावायचं. नंतर मग फिरायला जागा उरत नाही, असं मी पत्रकांत वाचलं होतं.

रविवारी गाव जमलं. शाळेची दक्षिणेकडे तोंड असलेली एक खोली आम्ही अंधारी केली आणि दार तेवढं उघडं ठेवलं. बाहेर अंगणात स्टुलावर आरसा. आरशावर काळा कागद, कागदाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. सासूबाईंनी मेंढ्याचं दावं दिलं. त्याला दुसरी दोरी जोडून आरशापासून भिंतीपर्यंत ताणलं आणि तेवढ्यावर गाठ मारली, म्हणजे संध्याकाळीही अंतर तेच. आरसा हलवला आणि आतल्या भिंतीवर सूर्य उमटला. थेट पुरीएवढा. गोल, पांढरा, किंचित थरथरणारा.

आत दाटीवाटीने बसलेली माणसं हलली. "आयला, सूर्य घरात घेतला की बे यांनी!"

ताईने कोळसा महाराजांच्या हातात दिला. "तुम्हीच गिरवा. उद्या आमच्या हातावर शंका नको." महाराजांनी वर्तुळ गिरवलं. त्यांचा हात चांगला होता, रेघ सुबक आली.

दुपारभर लोक झाडाखाली बसून होते. मी हिशेब समजावत होतो. सूर्य ताटावरून लांब गेला असेल तर संध्याकाळी ही पुरी टिकलीएवढी होईल. तो तेवढाच दूर राहिला आणि आपणच फिरलो असू, तर पुरी पुरीच राहील. कुणी मान हलवत होते, कुणी तंबाखू मळत होते. एकाने विचारलं, "अन् चपाती झाली तर?" मी म्हणालो, "तर मी महाराजांचा शिष्य." मोठा हशा झाला. त्या हशात मला वाटलं, गाव आपल्या बाजूला येतंय.

सूर्य मावळायच्या थोडं आधी दोरी पुन्हा ताणली. आरसा फिरवला. भिंतीवर तांबूस गोल उमटला, सरकत सरकत कोळशाच्या वर्तुळापाशी आला आणि आत चपखल बसला. बाहेर सांडला नाही, आत कमी पडला नाही.

मग महाराज म्हणाले, "हा सूर्याचा गोल नाही. कागदाच्या भोकाचा गोल आहे. भोक तेच, म्हणून गोल तोच."

ताई उठली. कात्री घेतली, नव्या कागदाला तीन कोनांचं भोक पाडलं, आरशावर लावलं. भिंतीवर पुन्हा गोल. तोच, तेवढाच.

"भोक त्रिकोणी आहे महाराज," ती म्हणाली. "गोल कुणाचा?"

मागून आवाज आला, "तीन कोनातून बी भाकर गोलच!" टाळ्या पडल्या. शिकवायला मिळालं की ताईचा चेहरा कसा होतो, ते मी त्या खोलीत पाहिलं. आपण जिंकलो, असं मला तेव्हा वाटलं.

आबासाहेबांनी माईक घेतला. "लई भारी झालं! मॅडमनी विज्ञान दाखवलं, महाराजांनी श्रद्धा दाखवली. दोनी बी आमचेच. आता सत्कार."

हे मला कळायला हवं होतं. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम निकालावर संपत नाही, सत्कारावर संपतो. महाराजांच्या खांद्यावर शाल पडली. माझ्याही पडली. मी ती काढून स्टुलावर ठेवली, तर दोघांनी हसत हसत परत पांघरली. मग आबासाहेबांच्या पत्नी पुढे आल्या, हातात खण, नारळ आणि गहू. ताईची ओटी भरायची होती.

शाल काढून ठेवता येते. ओटीला नाही म्हणता येत नाही. सवाशिणीने भरलेली ओटी नाकारणं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर थुंकणं, आणि त्या बाईंनी ताईचं काही वाकडं केलं नव्हतं. ताईने पदर पुढे धरला आणि रीतीप्रमाणे मान खाली वाकवली. नेमके तेव्हा महाराज शेजारी आले, हात उंचावला, आणि चारी बाजूंनी मोबाईल वर झाले.

नारळ पदरात असतानाच आबासाहेब हळूच म्हणाले, "झालं ना मॅडम, दोघांचा मान राहिला. उद्या तेवढं एक वाक्य बोलून टाका."

ताईने पदर सावरला. "आबासाहेब, भिंतीवरचा गोल तुम्ही पण बघितला ना?"

"बघितला की. मला काय कळत न्हाई व्हय? लेकीकडं आता सकाळ व्हायली." ते हसत होते. "पण निवडणूक आलीय मॅडम. म्हाराजांमागं माणसं हायती. गोल पृथ्वीमागं कोण हाय?"

मला महाराजांचा राग येत होता तो तिथेच संपला. त्यांचा निदान विश्वास तरी असेल. हा माणूस सगळं जाणून होता.

सोमवारी सकाळी ताईबरोबर शाळेत गेलो. त्या खोलीच्या दाराशी चुन्याची बादली आणि कुंचला होता. भिंतीला नुकताच हात मारला होता. चुना ओला असताना पातळ दिसतो, खालचं सगळं दाखवतो. कोळशाचं वर्तुळ अजून करडं दिसत होतं. ताई त्याच्यासमोर उभी राहिली. "वाळला की झाकेल," एवढंच म्हणाली.

मला आत थांबू देईनात, म्हणून मी फाटकाशी थांबलो. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. मुख्याध्यापकांनी ताईला पुढे बोलावलं. आदल्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही माणूस मैदानावर नव्हता.

"मुलांनो," ताई म्हणाली, "पृथ्वी गोल आहे. पुस्तक बरोबर आहे. महाराज चुकले होते, मी नाही. पलीकडच्या खोलीत भिंत वाळायच्या आत जाऊन बघा."

मुलं शिक्षकांकडे बघत राहिली. मग सातवीची रांग मोडली आणि खोलीकडे पळाली. मागून बाकीची. मुख्याध्यापक जमिनीकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमी घरी जा. आबासाहेबांचा निरोप आला की कळवतो."

निरोप आला नाही. ताईच्या जागी दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई आली. तिला पृथ्वीचा धडा सोडून पुढे जायला सांगितलं आहे.

परतीच्या गाडीत पाली आली तेव्हा मी खिडकीतून लाल डबा शोधला. दिसला नाही. कुणीतरी नेला असेल. त्याचा काहीतरी उपयोग झाला, हेही खूप.

सोलापूरला घरात पाऊल टाकलं तर मावशी आमच्याकडेच बसलेली. फोन पुढे करून हसत म्हणाली, "बघ, कशी मान खाली घालून उभी आहे माझी गुणाची पोरगी. मिटलं ना रे?" फोटोत ताईच्या पदरात नारळ होता आणि डोक्यावर महाराजांचा हात. खाली लिहिलं होतं, 'गैरसमज दूर. मॅडमनी घेतला महाराजांचा आशीर्वाद.' तो फोटो गेवराई, बीड करत सोलापुरात माझ्या आधी पोचला होता.

मी सगळं सांगितलं. मावशीने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "एक वाक्य तर होतं."

हो. एकच वाक्य होतं. म्हणूनच ते मागितलं होतं. एक वाक्य कुणालाही जड वाटत नाही, आणि ते देऊन टाकलं की पुढचं मागायला कुणाला लाज उरत नाही. मी समजत होतो, लोकांना ठाऊक नाही म्हणून अंधार आहे. आरसा नेला की उजेड पडेल. उजेड पडला होता. तो सगळ्यांनी पाहिला, त्याला टाळ्या वाजवल्या आणि सकाळी त्यावर चुना फिरला. प्रयोगात चूक नव्हती. प्रयोगानंतर जो तो घरी गेला, चूक तिथे झाली.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या रविवारी हातातला आरसा घ्या, काळ्या कागदाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडा, आणि तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर दुपारचा सूर्य कोळशाने गिरवा. मावळतीला परत या, आरशाचं अंतर तेच ठेवा आणि सूर्य त्यात बसतो का, ते मुलांना दाखवा. हार, शाल घेऊन कुणी आलं तर हात जोडा आणि बाजूला व्हा. सोमवारी परिपाठाला फाटकाबाहेर थांबू नका, शिकवणाऱ्या बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहा. आणि चुन्याची बादली घेऊन कुणी आलं, तर त्या भिंतीसमोरून हलू नका.